हायरम पर्सी मॅक्सिम

हायरम पर्सी मॅक्सिम (जन्म : २ सप्टेंबर १८६९, ब्रुकलिन, न्यूयॉर्क, मृत्यू : १७ फेब्रुवारी १९३६, ला हुंटा, कॉलोराडो) हे अमेरिकन अभियंता, संशोधक व लेखक होते. बंदुकीचा आवाज दाबणारा सायलेन्सर व आरंभीच्या काळातील मोटारगाड्या यांचे निर्माते म्हणून ते आपल्या हयातीत प्रसिद्ध होते. तथापि त्यांचे अधिक टिकाऊ कार्य हौशी रेडिओच्या क्षेत्रातील आहे. अमेरिकन रेडिओ रिले लीग या संघटनेचे ते सहसंस्थापक व पहिले अध्यक्ष होते, आणि आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाचेही पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. परवाना घेऊन, कोणत्याही आर्थिक लाभाविना, केवळ आवडीपोटी स्वतःच्या रेडिओ केंद्रावरून परस्परांशी संपर्क साधणाऱ्या व्यक्तींना हौशी रेडिओचालक किंवा 'हॅम' म्हणतात. हा छंद पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत कायद्याने बंद पडण्याच्या बेतात होता. तो वाचला यात मॅक्सिम यांचा वाटा मोठा आहे.

कुटुंब व शिक्षण

पर्सी यांचे वडील सर हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे मॅक्सिम तोफेचे, म्हणजे पहिल्या स्वयंचलित मशिनगनचे जनक. काका हडसन मॅक्सिम हेही स्फोटक द्रव्यांचे नामवंत संशोधक होते. आईचे नाव जेन बडन. वडिलांचा स्वभाव विक्षिप्त आणि थट्टेखोर होता. १८८१ मध्ये ते विद्युत प्रदर्शनाच्या निमित्ताने पॅरिसला गेले आणि पुढे इंग्लंडमध्ये कायमचे स्थायिक झाले. पत्नी, मुलगा व दोन मुली अमेरिकेतच राहिल्या. त्या वेळी पर्सी बारा वर्षांचे होते. यानंतर पितापुत्रांच्या भेटी फारच थोड्या झाल्या. वडिलांची कीर्ती मात्र मुलाच्या आयुष्यभर सोबत राहिली.

मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील यंत्रकलेचा अभ्यासक्रम त्यांनी १८८६ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षाच्या आतच पूर्ण केला. त्यानंतर काही विद्युत कंपन्यांत नोकरी करून ते लिन या गावी अमेरिकन प्रोजेक्टाइल कंपनीत दाखल झाले. तेथे तोफगोळ्यांचे उत्पादन होत असे.

मोटारगाड्या

१८९२ मध्ये एका रात्री सेलमहून लिनला सायकलने परतताना, पायांऐवजी एखादे लहानसे इंजिन चाके फिरवू शकेल काय, हा विचार त्यांच्या मनात आला. जर्मनीत व फ्रान्समध्ये या दिशेने झालेल्या कामाची त्यांना कल्पना नव्हती. अमेरिकेतही आणखी काही जण हाच खटाटोप करीत आहेत हे त्यांना फार उशिरा कळले. त्यांनी थोडे पेट्रोल विकत आणले, कारखान्यातील तोफेच्या रिकाम्या काडतुसात त्याचा एकेक थेंब टाकला आणि काडी लावून पाहिली. एका थेंबाचा जोर पाहून ते थक्क झाले. त्यावरून त्यांनी इंजिन तयार केले आणि ते एका जुन्या तीनचाकी सायकलीवर बसवले.

या प्रयोगांमुळे १८९५ मध्ये हार्टफर्ड (कनेक्टिकट) येथील पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने त्यांना आपल्या मोटारविभागात घेतले. सायकलींच्या धंद्यात मोठे नाव कमावलेल्या या कंपनीचा कल विजेवर चालणाऱ्या गाड्यांकडे होता. मॅक्सिम यांचा भरवसा पेट्रोलवर. नोकरी म्हणून त्यांनी 'कोलंबिया' या नावाच्या विजेच्या गाड्या घडवल्या आणि सवड काढून पेट्रोलच्या गाड्यांवरही काम केले. १८९९ मध्ये ब्रॅनफर्ड येथे बंदिस्त वर्तुळाकार मार्गावर झालेली मोटारशर्यत त्यांनी पेट्रोलच्या गाडीने जिंकली. अमेरिकेतील या प्रकारची ही पहिली शर्यत मानली जाते. पेट्रोलच्या बाजूने त्यांचा अंदाज खरा ठरला. परंतु त्याचा आर्थिक लाभ इतरांना झाला.

१८९८ मध्ये त्यांचा विवाह मेरिलँडचे माजी गव्हर्नर विल्यम हॅमिल्टन यांची कन्या जोसेफीन हिच्याशी झाला. त्यांचा मुलगा हायरम हॅमिल्टन, तर मुलीचे नाव पर्सी असे ठेवले होते. हीच पर्सी मॅक्सिम ली पुढे १९५० ते १९५८ या काळात अमेरिकेतील लीग ऑफ विमेन व्होटर्स या संघटनेची अध्यक्ष झाली.

सायलेन्सर

बंदुकीच्या नळीतून गोळीपाठोपाठ बाहेर पडणारा तप्त वायू एकदम हवेत मोकळा होतो आणि मोठा धमाका होतो. हा वायू लहान लहान कप्प्यांतून भोवऱ्यासारखा फिरवत सावकाश बाहेर सोडला, तर आवाज कमी होईल, हे तत्त्व वापरून मॅक्सिम यांनी सायलेन्सर तयार केला. न्हाणीघरातील टबमधून वाहून जाणाऱ्या पाण्याच्या भोवऱ्यावरून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १९०९ मध्ये त्यांना याचे एकस्व मिळाले. स्वतःच्या तोफांच्या आवाजाने वडिलांची श्रवणशक्ती क्षीण झाली होती, आणि मुलाने बंदुकीला गप्प करण्याचे यंत्र शोधले. या योगायोगाची चर्चा त्या काळीही झाली.

हीच युक्ती पुढे मोटारी, इंजिने, पंप व कारखान्यांतील यंत्रे यांचा गोंगाट कमी करण्यासाठी त्यांनी वापरली आणि कंपनीचा धंदा मुख्यतः त्यावर चालू लागला. मराठीत सायलेन्सर म्हटले की मोटारसायकलची नळीच डोळ्यांसमोर येते, बंदूक नव्हे. गुन्हेगारांच्या हाती पडणारे साधन म्हणून बंदुकीच्या सायलेन्सरकडे लोक संशयाने पाहू लागले, आणि १९३४ च्या संघीय कायद्याने त्यावर २०० डॉलरचा जबर कर बसवला.

हौशी रेडिओकडे

१९१० नंतर मॅक्सिम यांनी आपल्या मुलाबरोबर घरी बिनतारी यंत्रांचे प्रयोग सुरू केले. तो काळ ठिणगीवर चालणाऱ्या प्रक्षेपकांचा होता. संदेश मोर्सच्या संकेतांत पाठवले जात आणि उपकरणे बहुधा घरीच तयार केलेली असत. अमेरिकेत अशी शेकडो मुले व तरुण होते. जहाजे, नौदल व व्यापारी केंद्रे यांच्या संदेशांत त्यांचा अडथळा होतो, अशी तक्रार सतत होत असे. १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज बुडाल्यानंतर रेडिओवर सरकारी नियंत्रण आणणारा कायदा झाला. त्यानुसार हौशी चालकांना परवाना घेणे सक्तीचे झाले, १ किलोवॅटची मर्यादा घातली गेली आणि त्यांना २०० मीटर व त्याहून कमी लांबीच्या लहरींवर ढकलण्यात आले. लहरीची लांबी जितकी अधिक तितका पल्ला दूरचा, अशी त्या वेळच्या तज्ज्ञांची समजूत होती. त्यामुळे २०० मीटरच्या खालचा पट्टा त्यांना निरुपयोगी वाटत होता. हौशी लोक तेथे आपोआप कंटाळून जातील, असा अनेकांचा होरा होता.

जानेवारी १९१४ मध्ये हार्टफर्ड येथे रेडिओ क्लब स्थापन झाला आणि मॅक्सिम त्यात सहभागी झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांना सुमारे ४० किलोमीटर अंतरावरील स्प्रिंगफील्ड गावच्या एका चालकाला संदेश पाठवायचा होता. त्यांचे केंद्र १ किलोवॅटचे, म्हणजे कायद्याने मिळू शकणाऱ्या कमाल शक्तीचे होते. तरीही थेट संपर्क होईना. तेव्हा वाटेतील विंडसर लॉक्स येथील चालकाने तो संदेश ऐकून पुढे पोचवला. प्रसंग साधा होता आणि अशी देवाणघेवाण इतरांनीही केली असणार. मॅक्सिम यांनी मात्र त्यातून पुढचा हिशेब मांडला : एका गावाहून दुसऱ्या गावी आणि तेथून तिसऱ्या गावी संदेश देणारी शिस्तबद्ध साखळी उभी केली, तर एकट्याची तोकडी शक्ती संपूर्ण देशाला पुरेल.

क्लबचे सचिव क्लॅरेन्स टस्का हे तेव्हा विशीही न गाठलेले तरुण होते. मॅक्सिम चव्वेचाळीस वर्षांचे प्रतिष्ठित कारखानदार. या दोघांनी मे १९१४ मध्ये अमेरिकन रेडिओ रिले लीगची उभारणी केली. देशभरातील ज्ञात केंद्रांना पत्रे व अर्ज पाठवण्यात आले, आणि सप्टेंबरपर्यंत दोनशेहून अधिक केंद्रे साखळीत सामील झाली. लीगचा पसारा मूळ क्लबला झाकू लागल्यावर दोन्ही संस्था वेगळ्या झाल्या आणि जानेवारी १९१५ मध्ये लीगची स्वतंत्र नोंदणी झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'क्यूएसटी' या मासिकाचा पहिला अंक निघाला. मोर्स संकेतांत या तीन अक्षरांचा अर्थ 'सर्व केंद्रांना सूचना' असा होतो. मासिकाचा आरंभीचा खर्च मॅक्सिम आणि टस्का यांनी पदरमोड करून भागवला.

फेब्रुवारी १९१७ मध्ये न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला पाठवलेल्या संदेशाचे उत्तर हौशी केंद्रांच्या साखळीतून सुमारे १ तास २० मिनिटांत परत आले. लीगच्या कल्पनेची याहून चांगली परीक्षा झाली नसती. ती पाहण्याचे समाधान मात्र दोन महिनेच टिकले.

युद्धबंदी व नौदलाचे विधेयक

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि सर्व हौशी केंद्रे बंद करून त्यांच्या तारा उतरवण्याचा हुकूम निघाला. संदेश पाठवणेच नव्हे, तर ऐकणेही बेकायदा ठरले. मोर्स येणाऱ्या प्रशिक्षित चालकांची सैन्याला व नौदलाला निकडीची गरज होती. लीगचे हजारो सभासद सेनादलांत भरती झाले. टस्का यांचाही त्यांत समावेश होता. त्या वर्षाच्या उत्तरार्धात 'क्यूएसटी'चे प्रकाशन थांबले. लीग कागदावर उरली.

नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्धविराम झाला. परंतु नौदलाला रेडिओवरील ताबा सोडायचा नव्हता. त्याच महिन्यात प्रतिनिधिगृहात एक विधेयक आले. त्यात देशातील रेडिओ संपर्काचे नियंत्रण कायमस्वरूपी नौदल खात्याकडे देण्याची तरतूद होती, आणि हौशी केंद्रांना त्यात निश्चित स्थान नव्हते. विधेयक संमत झाले असते, तर हा छंद अमेरिकेत तेथेच संपला असता. विरोध करणार कोण, हाच मोठा प्रश्न होता. सभासद अजून गणवेशात होते; अनेक जण समुद्रापार होते. लीगकडे मासिक नव्हते आणि तिजोरीत नाव घेण्याजोगी रक्कमही नव्हती.

मॅक्सिम यांनी या स्थितीत जे केले ते त्यांच्या कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाचे मानावे लागते. त्यांनी जुन्या सभासदांच्या घरी पत्रके पाठवली. मुलगा युद्धावर असेल तर आईवडिलांनी आपल्या लोकप्रतिनिधीला लिहावे, अशी त्यांत विनंती होती. काँग्रेसच्या सदस्यांकडे देशभरातून पत्रे येऊ लागली. डिसेंबरमध्ये समितीपुढे झालेल्या सुनावणीत मॅक्सिम स्वतः उपस्थित राहिले. नौदलाचे युद्धकाळातील यश ज्या तरुणांच्या कौशल्यावर उभे राहिले, त्यांतील कितीतरी जण घरच्या माळ्यावरील यंत्रांवर शिकले होते, हा मुद्दा हौशी पक्षाने लावून धरला. व्यापारी रेडिओ कंपन्यांचाही विधेयकाला विरोध होता, हे खरे. पण कंपन्यांना स्वतःच्या मालमत्तेची काळजी होती. हौशी चालकांची बाजू मांडणारे दुसरे कोणी नव्हते. जानेवारी १९१९ मध्ये विधेयक बारगळले.

तरीही बंदी लगेच उठली नाही. संदेश ऐकण्याची परवानगी एप्रिल १९१९ मध्ये, तर पाठवण्याची परवानगी त्या वर्षीच्या शरद ऋतूत मिळाली. मधल्या काळात मॅक्सिम यांनी संचालकांना एकत्र बोलावून लीग जवळजवळ नव्याने उभी केली. सभासदांकडून कर्जरोख्यांद्वारे पैसा जमवून 'क्यूएसटी' टस्का यांच्याकडून विकत घेण्यात आले. केनेथ वॉर्नर हे पगारी सचिव म्हणून आले आणि दैनंदिन कारभार त्यांनी सांभाळला. तेव्हापासून मासिक संघटनेच्या मालकीचे झाले.

२०० मीटरच्या खाली

निर्वात नलिकांचे प्रक्षेपक स्वस्त होऊ लागताच हौशी चालक ठिणगीचे प्रक्षेपक मागे टाकून लघुलहरींकडे वळले. डिसेंबर १९२१ मध्ये लीगने पॉल गॉडली यांना उत्तम ग्राहक यंत्र देऊन स्कॉटलंडला पाठवले. आर्ड्रोसन येथील समुद्रकाठी, थंडीपावसात, तंबूत बसून त्यांनी अमेरिकेतील अनेक हौशी केंद्रांचे संकेत ऐकले. २७-२८ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री फ्रान्समधील नीस येथील लेऑं दलुआ आणि वेस्ट हार्टफर्ड येथील फ्रेड श्नेल यांच्यात सुमारे ११० मीटर लांबीच्या लहरींवर अटलांटिकपार दुतर्फा संभाषण झाले. आयनांबरावरून परावर्तित होणाऱ्या या लहरी थोड्या शक्तीत हजारो किलोमीटर जातात, हे आता उघड झाले. ज्या पट्ट्याला कोणी विचारत नव्हते त्यावर व्यापारी कंपन्या व सरकारे हक्क सांगू लागली. हौशी चालकांना त्यांचीच सापडलेली जागा सोडावी लागण्याची वेळ आली.

मॅक्सिम यांचे केंद्र महायुद्धानंतर '१एडब्ल्यू' या संकेतनामाने ओळखले जाई. १९२८ मध्ये देशनिदर्शक अक्षर जोडल्यावर ते 'डब्ल्यू१एडब्ल्यू' झाले.

आंतरराष्ट्रीय संघ

देशोदेशीचे चालक आता रोज एकमेकांशी बोलत होते; त्यांची बाजू मांडणारी समाईक संस्था मात्र नव्हती. मार्च १९२४ मध्ये मॅक्सिम पॅरिसला गेले आणि युरोपातील हौशी प्रतिनिधींची बैठक घेऊन संघाचा पाया घातला. १९२५ च्या ईस्टरच्या सुमारास पॅरिसमध्येच परिषद भरली. १८ एप्रिल १९२५ रोजी आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाची स्थापना होऊन मॅक्सिम अध्यक्ष झाले. संपर्कासाठी एस्पेरांतो ही कृत्रिम भाषा स्वीकारावी असाही त्या काळी आग्रह होता. व्यवहारात मात्र मोर्सचे संक्षेप आणि मोडकेतोडके इंग्रजी यांनीच काम भागले. १८ एप्रिल हा दिवस जागतिक हौशी रेडिओ दिन म्हणून पाळला जातो. भारतातील अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ही संस्थाही या संघाची सदस्य आहे.

१९२७ मध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेत अनेक सरकारांची हौशी सेवेला फारशी जागा देण्याची तयारी नव्हती. दीर्घ वाटाघाटींनंतर १६०, ८०, ४०, २०, १० व ५ मीटरचे पट्टे हौशी सेवेच्या वाट्याला आले. ते पूर्वीपेक्षा अरुंद होते आणि त्याबद्दल काही चालकांनी लीगच्या नेतृत्वावर टीकाही केली. परंतु हौशी सेवेला आंतरराष्ट्रीय करारात स्थान मिळाले ते याच परिषदेत, आणि यांतील बहुतेक पट्टे आजही वापरात आहेत.

'द ओल्ड मॅन'

१९१७ पासून 'क्यूएसटी'मध्ये 'द ओल्ड मॅन' या टोपणनावाने एक लेखक हौशी चालकांच्या बेशिस्तीवर तुटून पडत असे. अकारण ध्वनिवर्दळ करणारे, दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडणारे, कळीवर हात न बसलेले, अशा सर्वांची या लेखांत यथेच्छ खिल्ली असे. बेशिस्त चालकांना वठणीवर आणण्यासाठी 'वूफ हाँग' नावाचे एक गूढ हत्यार असल्याचा उल्लेखही त्यांत येई. ते कसे दिसते हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९१९ मध्ये एक वेडावाकडा लाकडी सांगाडा लीगकडे आला आणि हेच ते हत्यार म्हणून तो जपून ठेवण्यात आला. लेखकाच्या नावाबद्दल वर्षानुवर्षे तर्क चालले. अध्यक्ष म्हणून सौम्य व शिष्ट भाषेत बोलणारे मॅक्सिम हेच 'ओल्ड मॅन' होते, हे सर्वसाधारण वाचकांना त्यांच्या मृत्यूनंतर समजले. नियमांच्या पुस्तकांपेक्षा या लेखांनी रेडिओवरील शिष्टाचार अधिक रुजवला, असे म्हणता येईल.

अन्य कार्य व लेखन

हौशी लोकांची संघटना बांधण्याचा हाच प्रयोग त्यांनी चित्रपटांच्या बाबतीतही केला. घरगुती कॅमेऱ्याने चित्रीकरण करणाऱ्यांसाठी १९२६ मध्ये त्यांनी ॲमॅच्युअर सिनेमा लीग स्थापन केली. तिचे मासिकही निघत असे. खगोलशास्त्राची त्यांना ओढ होती. विश्वात अन्यत्र जीवसृष्टी असण्याच्या शक्यतेवर त्यांनी 'लाइफ्स प्लेस इन द कॉसमॉस' (१९३३) हे पुस्तक लिहिले. वडिलांच्या सहवासातील बालपणाच्या आठवणी 'अ जीनियस इन द फॅमिली' (१९३६) या पुस्तकात आहेत. घर सोडून गेलेल्या पित्याविषयी त्यात कडवटपणा जवळजवळ नाही. त्यावर आधारलेला 'सो गोज माय लव्ह' हा चित्रपट १९४६ मध्ये आला. मोटारींच्या दिवसांवरील 'हॉर्सलेस कॅरेज डेज' हे पुस्तक १९३७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

मृत्यू व स्मारक

फेब्रुवारी १९३६ मध्ये पश्चिमेकडे रेल्वेने प्रवास करीत असताना ते आजारी पडले. कॉलोराडोतील ला हुंटा येथे त्यांना उतरवून रुग्णालयात नेण्यात आले आणि १७ फेब्रुवारी रोजी त्यांचे निधन झाले. मेरिलँडमधील हॅगर्सटाउन येथे त्यांचे दफन झाले. लीगचे व आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपद अखेरपर्यंत त्यांच्याकडे होते.

पुढच्याच महिन्यात ईशान्य अमेरिकेत मोठे पूर आले. अनेक ठिकाणी तारा तुटल्यावर हौशी चालकांनी संदेशवहन सांभाळले. त्याच पुरात हार्टफर्ड येथील लीगचे स्वतःचे केंद्र मात्र नष्ट झाले. नव्या केंद्राला मॅक्सिम यांचे नाव व संकेतनाम देण्याचे ठरले. न्यूइंग्टन येथे बांधलेले हे स्मारककेंद्र २ सप्टेंबर १९३८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, सुरू झाले. २१ वर्षांखालील हौशी चालकांसाठी लीग त्यांच्या नावाने पुरस्कार देते. 'डब्ल्यू१एडब्ल्यू' या संकेतनामाने न्यूइंग्टनहून लीगच्या वार्ता आणि नवशिक्यांसाठी मोर्सचे सराव आजही प्रक्षेपित होतात.